सहा बदकांची खुशाली

अणदूर
मार्गशीर्ष शुद्ध नवमी, शके १८६९

चि. सौ. गिरिजा हिला आशीर्वाद.

धुळाप्पा धनगर काल संस्थानच्या सरहद्दीच्या नाक्यापलीकडून, तुझ्या माहेराहून आला आणि तुझा निरोप सांगितला. निरोप काय, तर "बदकं कशी आहेत?" तू माहेरी जाऊन पाच आठवडे झाले. सासू कशी आहे, सासऱ्याचे गुडघे काय म्हणतात, काही नाही. बदकं कशी आहेत. बरं, बदकं बरी आहेत.

सहाच्या सहा आहेत. पाच माद्या आणि एक नर, तू मोजून दिली होतीस तेवढी. तू ती शेतातल्या खोपीत ठेवून गेलीस, पण आता रानात वस्तीला कुणी थांबत नाही. धाडींच्या भीतीनं दिवस मावळायच्या आत सगळं गाव घरात शिरतं आणि दारं लावून घेतं. बदकं खोपीत ठेवायची म्हणजे कोल्ह्याला आमंत्रण. म्हणून मागच्या सोमवारी घरी आणून परसात ठेवली.

तुझे मामंजी आधी नको म्हणाले. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या छातीसाठी अंडी लिहून दिली, इथवर मीही गप्प राहिले होते. पण त्यांनी वर सहा बदकं हातात ठेवली, का तर कोंबडा आरवला की लिंगायतांच्या गल्लीला कळेल. बदकं काय मुकी असतात? त्या बाईंना एक दिवस आमच्या परसात बसवलं पाहिजे. असो. दोन दिवस मी मागे लागले तेव्हा मामंजी म्हणाले, "आणायचीच तर धुऊन आणा."

तुला आपल्या घरची रीत माहीत आहे. मी हंडाभर पाणी तापवलं, भिजवलेले रिठे कुस्करून भरपूर फेस काढला आणि एकेक बदक मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं. पंखाखालून, पोटाखालून, पीस न् पीस मोकळं करून. चोची मारून माझे हात लाल केले, पण अशी पांढरी निघाली की तू ओळखली नसतीस. वरून विभूतीचं पाणी शिंपडलं. आता दर सोमवारी धुवायची असं ठरलं आहे, नाहीतर पूजेच्या दिवशी परसातला तो वास मला सोसायचा नाही. परसही रोज सडा टाकून ओलं, स्वच्छ ठेवते. तुझ्या खोपीतल्या चिखलापेक्षा त्यांना इथं नक्कीच बरं वाटत असेल.

अंडी नाहीत. दिली तरी मी हात लावणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. धुळाप्पाची बानूबाई येऊन घेऊन जाईल.

मल्लिकार्जुनाच्या नावाचं वॉरंट अजून चावडीत आहे. शाळेवर तिरंगी झेंडा लावायची हौस केली माझ्या लेकानं, आता भोगा म्हणावं. तो सोलापुरात आहे तो तिथंच बरा. नाक्याच्या अलीकडे पाऊल टाकू नकोस म्हणून तूही त्याला सांग, माझं तो ऐकत नाही.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. मठात शिकलेली अक्षरं आहेत, वाकडी असली तर गोड मानून घे. दुकानातल्या माणसाकडून लिहवलं असतं तर गल्लीत वाचन झालं असतं.

खोकल्याचं काही कळवलं नाहीस. कळव.

शिवकांता

अणदूर
मार्गशीर्ष वद्य तृतीया

चि. गिरिजास आशीर्वाद.

पहिल्या पत्राला उत्तर नाही. धुळाप्पा सांगतो की तू दुपारच्या वेळी बाजेवर पडून होतीस. दुपारी पडून का होतीस? तुझी आई काही बोलली नाही, असंही तो म्हणतो. तुझी आई एरवी न बोलणाऱ्यांपैकी नाही, म्हणून मला जास्त काळजी वाटते.

इथं गारठा फार वाढला आहे. पहाटे विहिरीवर दोर हातात धरवत नाही. बदकं बरी आहेत. सहज माहिती असावी म्हणून दोन गोष्टी विचारते.

एक, बदकाला थंडी वाजते का? मी म्हणते, पाण्यातला जीव, त्याला कसली थंडी. पण ती सकाळी एका पायावर उभी राहून थरथरतात. मान आत ओढून घेतात. हाक मारली तरी येत नाहीत. ही त्यांची नेहमीची तऱ्हा असेल तर तसं कळव.

दोन, बदक बुडतं का? म्हणजे समजा, एखादं बदक परसातल्या दगडी डोणीत सोडलं, आणि तरंगायच्या ऐवजी ते शेपटीकडून खाली खाली गेलं, पाठीवर पाणी आलं, आणि धावत जाऊन हातानं काढावं लागलं, तर असं होतं का कधी? झालेलं नाही. समजा म्हणून विचारते.

न्हाऊ घालणं वेळच्या वेळी चालू आहे. परवाच्या सोमवारीही घातलं. थंडी म्हणून मी आळस केलेला नाही. पाणी कढत घेते आणि रिठेही आता दुप्पट घालते, कारण अलीकडे त्यांची पिसं लवकर मळतात आणि अंगाला चिकटून बसतात.

काल पाचांनी कोंडा चांगला खाल्ला. लंगडी मादी जरा कमी खाते. ती तुझ्या हातून खायची ना, माझ्या हाताकडे बघून तोंड फिरवते. तुझ्याकडूनच शिकली असेल.

गिरिजा, उत्तर दे. रागानं दिलंस तरी चालेल.

शिवकांता

अणदूर
पौष शुद्ध प्रतिपदा, सोमवार

गिरिजा,

तुझी चिठ्ठी काल हातात पडली. वर 'आत्याबाई' सुद्धा नाही. दोन ओळी. "बदक बुडत नसतं. काय केलंत ते खरं सांगा."

खरं सांगते. चार उरली आहेत.

पहिली गेली ती मागचं पत्र लिहिण्याच्या आदल्या दिवशी. डोणीत बुडाली तीच. मी तिला काढली, पदरानं पुसली, उन्हात ठेवली, पण दुपारपर्यंत मान टाकली. बदकं बरी आहेत असं तुला लिहिताना मला लाज वाटली नाही, खोटं कशाला बोलू. भीती वाटली. तू मोजून दिली होतीस. सासू एवढंसं काम करू शकली नाही असं तू मनात म्हणशील, आणि तसं तू म्हणावंस हे मला नको होतं. दुसरी गेल्या सोमवारच्या न्हाणानंतर गेली, मंगळवारी सकाळी. मला वाटलं रोग आहे. रोग म्हणून मी परस आणखी दोनदा धुऊन काढलं.

काल येळवस होती, अवसेची शेतातली पूजा. दरवर्षी सगळी शिवारं माणसांनी भरलेली असतात, यंदा निम्मं गाव पलीकडे गेलेलं. आम्ही दोघं आंबिलीचा बिंदगा आणि भज्जी घेऊन शेतात गेलो. लंगडीला मी टोपल्यात घालून, वर फडकं टाकून बरोबर नेली. तिला घरी मागे ठेवायला धीर झाला नाही. मामंजींनी विचारलं, टोपल्यात काय. मी म्हटलं, ज्वारीचे उंडे. ते पुढं चालू लागले, पण उंडे काही शिंकत नाहीत.

पूजा झाल्यावर धुळाप्पा आला, दर येळवशीला जेवायला येतो तसा. तुझी चिठ्ठी त्यानंच दिली. मामंजी ज्वारी बघायला बांधाच्या पलीकडे गेल्यावर मी टोपल्यावरचं फडकं काढलं. त्यानं लंगडीच्या पिसांत बोटं घातली, बोटं चोळून बघितली, वास घेतला.

"आक्का, हिला काय लावलंया?"

"लावलं नाही, धुतलं. रिठ्यानं. दर सोमवारी."

मग खांद्यावरचं घोंगडं काढून त्यानं माझ्यासमोर धरलं आणि त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी वरच्या वर ओघळून गेलं.

"ह्ये म्या कधी धुतलं न्हाय, म्हून पाऊस आत येत न्हाय," तो म्हणाला. "मेंढरू आमी कातरायच्या आदी येकदाच धुतो, त्ये बी चांगलं ऊन बगून. हिवाच्या दिसात मेंढरू धुतलं तर सकाळच्याला आडवं घावतंय. लोकरीला त्याल असतंय आक्का. हिच्या बी पिसाला असंल. तुमी त्ये समदं काढून टाकलंया. आता पानी पार कातड्यापोतूर जातंय, मग ती बुडंल न्हाय तर काय करंल?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"तुमास्नी ठावं न्हाय, त्ये खरं हाय. पर तिला तर बोलता येत न्हाय ना."

तो साधेपणानं बोलला, मला टोचायला नाही. पण हातातला घास मी परत खाली ठेवला. त्या बदकाला बोलता येत नाही. तुला तर येत होतं, गिरिजा. तू का बोलली नाहीस?

आता लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते, हात थांबला तर पुन्हा लिहिणार नाही. मागच्या पौषात तू खोपीत जाऊन अंडं खाऊन यायचीस. आठवड्यातून तीनदा. आणि दर वेळी मी तुला उंबऱ्याबाहेर थांबवायची. विहिरीवर जा, डोक्यावरून न्हा, ओल्या लुगड्यानं तुळशीपाशी उभी राहा, मी विभूती घेऊन येते. कधी विभूती आणायला मला उशीर व्हायचा. चुलीवर दूध असायचं, कुणी आलेलं असायचं. कधी उशीर मुद्दाम व्हायचा. हेही लिहिते. तुझे दात वाजायचे ते मला आतून ऐकू यायचं, आणि मला वाटायचं, वाजू देत, औषध म्हणून खाते ना, मग एवढं तर सोसावंच.

आपल्यात विटाळ नाही, गळ्यात लिंग असलेल्याला कसला विटाळ, असं स्वामी दरवर्षी प्रवचनात सांगतात. आम्ही दरवर्षी मान डोलावतो आणि घरी येऊन न्हातो. त्याला काय करायचं?

छातीला ऊब हवी म्हणून डॉक्टरीणबाईंनी अंडं दिलं आणि मी ते दर वेळी तुझ्या अंगावरून गार पाण्यानं धुऊन काढलं. फाल्गुनात तुझा खोकला वाढला तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की अंड्यानंच वाढला. मल्लिकार्जुनालाही तेच सांगितलं. तो माझ्यावर विश्वास ठेवून तुला रागावला, ते मी दाराआडून ऐकलं आणि मला बरं वाटलं.

आज सोमवार. आज मी धुतलं नाही. मामंजींना सांगितलं, पाठ धरली आहे. चारही बदकं माजघरातल्या धान्याच्या बळदात नेली. सरकारी लेव्हीत ज्वारी गेल्यापासून बळद रिकामंच आहे. वरच्या तोंडातून मी स्वतः आत उतरले, या वयात, आणि खाली ज्वारीचं कोरडं भुसकट हातभर पसरलं. भिंत चुलीच्या पाठीला आहे, त्यामुळे उबदार आहे. वर यायला मला अर्धा तास लागला. तिथंच अडकले असते तर तुझ्या बदकांबरोबर मलाही कोंडा खावा लागला असता.

संध्याकाळी मामंजी पूजेला बसले आणि आतून आवाज आला. मी म्हटलं, उंदीर झालेत.

ते म्हणाले, "उंदरं कधीपासून असं बोलाया लागली?"

मी म्हटलं, "यंदा थंडी लई हाय."

पूजा मात्र रोजच्यापेक्षा लवकर आटोपली.

या चौघांना, तीन माद्या आणि एक नर, कसं वाचवायचं ते मला सांग. पिसांना तेल चोळू का? करडईचं आहे, खोबऱ्याचंही आहे. काही करायचा धीर होत नाही. आजवर जे केलं ते चांगलं समजूनच केलं होतं. आणि तुझा ताप आहे का, किती आहे, हे कुणाकडून तरी लिहवून पाठव. माफी मागायची मला सवय नाही. हे पत्र तू तसंच समज.

शिवकांता

अणदूर
पौष शुद्ध दशमी

गिरिजा,

माझं पत्र देऊन धुळाप्पा तिसऱ्याच दिवशी परत आला. तुझं पत्र नाही. तो म्हणाला, तुला ताप आहे, चढतो उतरतो, पण माझं पत्र तू स्वतःच वाचलंस, कुणाला वाचू दिलं नाहीस. वाचून झाल्यावर भिंतीकडे तोंड केलंस आणि बराच वेळ तशीच पडलीस. मग त्याला बोलावून एवढंच म्हणालीस, "त्यांना सांग, तेल लावू नका. कोरडं ठेवा. त्यांचं तेल त्यांच्या शेपटीपाशी असतं, त्या स्वतःच चोचीनं लावून घेतात. चोच बुडेल एवढंच पाणी द्या, अंग बुडेल एवढं नको. रोज पाठीवर एक थेंब टाकून बघा. घसरला तर जगतील."

त्यांना सांग. ठीक आहे. त्यांना तर त्यांना.

तू सांगितलंस तसं करते. रोज सकाळी दिवा घेऊन बळदाच्या तोंडाशी बसते, एकेकीला वर काढते, बोटानं पाण्याचा एक थेंब पाठीवर सोडते आणि बघते. थेंब आत जिरतो. रोज जिरतो. पिसं काळपट होतात आणि ती जागा मी पदरानं टिपून घेते. आज सातवा दिवस. त्यात परवाच्या गारठ्यात नर गेला. आता तीनच आहेत. पहिल्या वेळेसारखं लपवणार नाही म्हणून लगेच लिहिलं.

थेंब टाकला की मी त्यावरून डोळा हलवत नाही. धुळाप्पा जाऊन आला की मी त्याच्याकडे तशीच बघते. आज काय सांगेल, उतरला की चढला. तो बिचारा तोंड चुकवतो. मेंढरांचं सांगत बसतो. काल त्याला मी चिडून विचारलं, "पोरगी बसती का उठून? एवढं तर सांग." तर म्हणाला, "बसती, आक्का. भिताडाला टेकून बसती. बोलत न्हाय लई." मग मी आत येऊन उगाच भांडी घासली. घासलेलीच होती.

संक्रांत झाली. गल्लीत चार दारं उघडी होती, चारही ठिकाणी तीळगूळ देऊन आले. एक वाटी तुझ्या नावाची फडताळात ठेवली आहे. मुंग्या लागू नयेत म्हणून खाली पाण्याची ताटली ठेवली.

एक सांगायचं राहिलं. बळदाचं तोंड मी फळीनं अर्धं झाकून ठेवते. परवा सकाळी बघते तर फळीवर एक धाबळी घडी करून पसरलेली, वारा जाऊ नये अशी, आणि एका बाजूला चार बोटं फट ठेवलेली. धाबळी मामंजींची आहे. ते दोन दिवस नुसत्या चादरीवर झोपले आणि सकाळी म्हणतात, यंदा थंडी विशेष नाही. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात सगळं असंच चालतं, आणि तेच चुकलं असं आता मला वाटतं.

लंगडीनं काल माझ्या हातून भिजवलेले हुलगे खाल्ले. पाच दाणे. सहावा टाकून दिला.

तुला मी लिहिलं ते वाचून तुझा ताप वाढला असेल तर? हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आपलं मन हलकं करायला मी तुझ्यावर ओझं टाकलं का? आजारी माणसाला असली पत्रं लिहू नयेत, हे मला लिहून झाल्यावर सुचलं. माझं सगळं असंच उशिरा सुचतं. शिव्या दे, पण भिंतीकडे तोंड करून पडू नकोस. भिंत गार असते.

शिवकांता

अणदूर
पौष पौर्णिमा

गिरिजा, बाळ,

हे पत्र घाईत लिहिते. धुळाप्पा दारात उभा आहे. नाक्यावर नवे शिपाई आलेत, ये-जा करणाऱ्याला अडवतात. तो आज बायको आणि सगळी मेंढरं घेऊन पलीकडे चालला आहे, आता उन्हाळ्याशिवाय परत येणार नाही. म्हणजे आता निरोपही बंद.

परवा तो आला तेव्हा म्हणाला, "ताई उन्हात बसली हुती. ताप दोन रोज न्हाय. म्हणली, आत्याबाईस्नी इचार, थेंबाचं काय झालं?" मी त्याला तीनदा विचारलं, आत्याबाई म्हणाली का? तो म्हणाला, "व्हय की. आनि काय म्हननार?"

थेंबाचं सांगते. काल सकाळी लंगडीला वर काढली. थेंब सोडला. तो पाठीवर थांबला, गोल, जिरला नाही. मग तिनं अंग हलवलं आणि थेंब घसरून माझ्या लुगड्यावर पडला. मी पुन्हा टाकला. पुन्हा घसरला. दुसऱ्या दोघींच्याही पाठीवर टाकून बघितला. मग मी तिथंच माजघरात बसून रडले. मामंजी धावत आले, त्यांना वाटलं आणखी एक गेलं. मी त्यांना थेंब टाकून दाखवला. ते गुडघे धरून खाली बसले आणि म्हणाले, "पुन्हा टाक बगू."

आणि आज सकाळी भुसकटात अंडं होतं. लंगडीच्या खाली. हिरवट पांढरं, कोमट. तू गेल्यापासूनचं पहिलं.

बानूबाईला हाक मारायला मी दारापर्यंत गेले. ती मेंढरांच्या गडबडीत होती. मग परत आले, बळदात हात घातला आणि अंडं स्वतः उचललं. अंडं मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं, गिरिजा. वाटलं होतं त्यापेक्षा जड असतं. ते भुसकटात गुंडाळून तांब्यात ठेवलं, तांब्या फडक्यात बांधला. ते धुळाप्पाजवळ दिलं आहे. फुटायला देऊ नको म्हणून त्याला चारदा बजावलं, तो आता माझ्यावर वैतागला आहे.

मग मी हात धुतले नाहीत. न्हाले नाही. तशीच चुलीपाशी जाऊन बसले, पीठ मळलं आणि भाकरी थापल्या. मामंजींनी अंडं उचलताना पाहिलं होतं, ते उंबऱ्यातच उभे होते. मी पहिली भाकरी ताटात वाढली. ते ताटाकडे बघत बसले. मला वाटलं, उठतात आता. मग त्यांनी भाकरी मोडली आणि खाल्ली, आणि दुसरी मागितली.

तीनही बदकं तुझ्याकडे पाठवते आहे. कोकरांच्या टोपल्यात, घोड्यावर, खाली कोरडं भुसकट आणि वर मामंजींची धाबळी. ती त्यांनी स्वतः बांधली. अंडी तुला तिकडे आत्ता हवीत, इथं ठेवून काय करू? वाटेत त्यांना ओढ्यात उतरू देऊ नको असं धुळाप्पाला सांगितलं आहे, पण तुझ्याकडे पोचली की दोन दिवस थांबून थेंब बघ आणि मगच पाण्यात सोड. हे तूच मला शिकवलंस, आणि बघ, मीच तुला सांगत बसले आहे.

आता तुझं इथं काही राहिलेलं नाही. बदकंही तिकडेच आली. मल्लिकार्जुनही तिकडेच. मल्लिकार्जुनाला मी वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, खोकला अंड्यानं वाढला नव्हता, माझ्यामुळे वाढला होता, एवढं त्यात आहे. ती त्याला तुझ्यासमोर वाचायला लाव. मग यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तर मी गल्लीत तुझ्याबद्दल एक शब्द बोलणार नाही, आणि कुणाला बोलू देणार नाही.

पण वाट सुधारली, छातीत बळ आलं, आणि यावंसं वाटलं, तर ये. काय खाऊन आलीस ते मी विचारणार नाही. दार उघडंच असेल. विहिरीकडे वळू नकोस, बाळ. सरळ आत ये.

शिवकांता